मेंदूसाठी झिंक घेताना लेबल वाचा

माननीय संपादक,

‘मेंदूचे अँटिऑक्सिडंट’ म्हणून झिंक-सेलेनियमच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय सर्रास घेतल्या जातात. लातूर-नांदेडला नीटची तयारी करणाऱ्या मुलांचे पालकही त्या मागतात, म्हणून हे पत्र.

मेंदूचे वजन शरीराच्या २ टक्के, पण प्राणवायू तो २० टक्के वापरतो. त्यातून सुपरऑक्साइड, म्हणजे पेशींना इजा करणारे प्राणवायूचे रूप, तयार होत राहते. पेशीद्रवात तांबे-झिंकचे आणि मायटोकाँड्रियात (पेशीच्या ऊर्जाकेंद्रात) मँगनीजचे विकर (एन्झाइम) त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. त्याचे पुढे पाणी करायला सेलेनियमचे विकर लागते. तोवर मोकळ्या लोहाशी गाठ पडली, तर चेतापेशीच्या आवरणातली चरबी अक्षरशः खवट होते. खनिज विकरात बसले तरच कामाचे. या जागा भरल्यावर वरचे झिंक मेंदूला जास्तीचे संरक्षण देत नाही.

उलट ते घात करते. जादा झिंकमुळे आतड्याच्या पेशीत मेटॅलोथायोनीन वाढते. हे प्रथिन तांबे धरून ठेवते आणि पेशी झडली की तांबे शौचावाटे जाते. असे महिनोन्‌महिने चालले तर रक्तक्षय होतो, पाय बधिर पडतात, तोल जातो. लेबलवर ‘झिंक सल्फेट २२० मिग्रॅ’ असेल तर त्यात झिंक सुमारे ५० मिग्रॅ असते. पुरुषाची रोजची गरज १७, बाईची सुमारे १३ आणि कमाल मर्यादा ४० मिग्रॅ. जुलाबात बाळाला डॉक्टर देतात ते झिंक १४ दिवसांपुरतेच असते, ते मात्र बंद करू नये.

आपल्याकडे खरा प्रश्न शोषणाचा आहे. साध्या ज्वारीत किलोमागे सुमारे २० मिग्रॅ झिंक असते, तर २०१८ मध्ये आलेल्या ‘परभणी शक्ती’ वाणात ३२. पण दाण्यातले फायटेट हे द्रव्य झिंक अडवून ठेवते आणि भाकरीच्या ताज्या पिठात फायटेट तसेच राहते. आंबवल्याने ते कमी होते. अर्धी वाटी ज्वारीचे पीठ वाटीभर आंबट ताकात रात्री कालवून झाकून ठेवावे, सकाळी तीन वाट्या उकळत्या पाण्यात सोडून आंबील शिजवावी. तासभर भिजवून काही होत नाही. मटकी ८-१० तास भिजवावी, पाणी ओतून द्यावे आणि मोड चांगले लांब येईपर्यंत फडक्यात बांधून ठेवावी. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह अडते.

झिंक चालू असताना पायांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना गोळ्यांची पट्टी दाखवून रक्तातले तांबेही तपासून घ्यावे. ही लक्षणे बी-१२ च्या कमतरतेसारखीच दिसतात आणि नुसत्या बी-१२ च्या इंजेक्शनांवर महिने निघून जातात.

— एक आहारतज्ज्ञ, परभणी