‘अ’ काढण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. परवाच्या फोनवर चिनूबद्दल तुम्हा दोघांच्या बोलण्यात काळजी जाणवली. त्या काळजीला फोनवरच उडते उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आईचे म्हणणे, पोर वाळत चालले आहे. बाबांचे म्हणणे, चार वर्षे पूर्ण होऊनही त्याला ‘अ’ काढता येत नाही.

आई, तुझ्या डोळ्यांसमोर अजून तो वर्षाचा, मनगटाला वळ्या पडलेला चिनू आहे. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्माच्या वेळच्या सुमारे तिप्पट होते आणि उंचीत साधारण २५ सेंटीमीटरची भर पडते. दोन वर्षांनंतर मात्र वर्षाला जेमतेम २ किलो वजन आणि ६ ते ७ सेंटीमीटर उंची वाढते. वाढीचा वेग असा उतरला की भूकही उतरते, आणि नेमके याच सुमारास घरोघरी ‘हा काही खातच नाही’ हे पालुपद सुरू होते. शरीरावरची बाळसेदार चरबी कमी होते, हातपाय लांब होतात, पुढे आलेले पोट सपाट होऊ लागते, आणि पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत मूल असेच सडसडीत दिसते. चिनूचे वजन १५ किलो आणि उंची १०२ सेंटीमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलग्यासाठी मधली रेषा १६.३ किलो आणि १०३.३ सेंटीमीटरची आहे. तो तिच्या किंचित खाली आहे, पण सुरुवातीपासून त्याच पट्ट्यातून वर सरकत आला आहे, आणि डॉक्टर एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्या सरकण्याकडेच अधिक लक्ष देतात. ‘हे तक्ते गोऱ्या मुलांचे’ असे बाबा म्हणतील, म्हणून सांगते: २००६ साली प्रसिद्ध झालेले हे तक्ते सहा देशांतील मुलांची मापे घेऊन केलेले आहेत आणि त्यांत आपल्या दिल्लीची मुलेही आहेत. वजन काही महिने जागचे हललेच नाही, तर मी स्वतःच डॉक्टरांकडे धाव घेईन. तोवर त्याच्यामागे ताट घेऊन फिरायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे.

त्याचे गुडघे एकमेकांना लागतात आणि घोटे लांब राहतात, हेही तू फोटोत बरोबर हेरलेस. तीन-चार वर्षांच्या वयात हे सर्वांत जास्त दिसते आणि सात वर्षांच्या आसपास पाय आपोआप सरळ होतात. एकाच पायात वाक असता, दुखत असते किंवा तो लंगडत चालत असता, तर गोष्ट वेगळी होती.

आता बाबांच्या ‘अ’कडे येते. शरीरावरचा ताबा वरून खाली आणि मधून कडेकडे येत जातो: आधी मान, मग पाठ, मग पाय, आधी खांदा, मग कोपर, मनगट आणि सर्वांत शेवटी बोटे. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचिक असतात आणि एकेक करून घट्ट होत जातात. शेवटचे हाड घट्ट व्हायला नऊ ते बारा वर्षांचे वय उजाडते. लिहिणे केवळ हाडांवर अवलंबून नसते, बोटांतील बारीक स्नायू आणि डोळा-हाताचा मेळही लागतो. पण हे सारे चार वर्षांच्या हातात अजून घडतच असते. म्हणून तिसऱ्या वर्षी मूल गोल काढते, चौथ्याच्या सुमारास अधिकचे चिन्ह काढते, साडेचारच्या पुढेमागे चौकोन जमतो आणि तिरप्या रेषांमुळे त्रिकोणाला पाच वर्षे लागतात. आपल्या ‘अ’मध्ये एकाखाली एक दोन अर्धगोल, त्यांना जोडणारी आडवी रेघ, उभा दंड आणि वर शिरोरेषा असते. ज्याला चौकोन जमत नाही त्याच्याकडून ‘अ’ची पाने भरून घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. चिनूच्या छोट्या गटात काही पालक दुरेघी वहीचा आग्रह धरतात आणि शाळा तो मानते, याचे मला वाईट वाटते. बाबा, तुम्ही आयुष्यभर शिकवलेत. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा शिंपले, बिया, पाने हेच मुलांचे साहित्य केले, हे तुम्हीच मला सांगितले होते. बोटांना चिमटीत धरायला, सोडायला, ओवायला शिकवणारे ते साहित्य लेखणीच्या आधीचेच होते.

म्हणून मे महिन्यात तो आजोळी येईल तेव्हा त्याला वही देऊ नका. आई, तू डाळिंब्यांची उसळ करशील तेव्हा भिजलेले वाल सोलायला त्याला शेजारी बसव. निम्मे तो चिरडेल, ते चालवून घे. कणकेचा गोळा दे, शर्टाची बटणे त्याची त्यालाच लावू दे, भले निघायला उशीर होवो. बाबांनी त्याला अंगणात लंगडी शिकवावी. एका पायावर उड्या मारणे चौथ्या वर्षीच जमू लागते, त्यामुळे तो पडेल, पण ओटीपोटाची आणि पाठीची हीच ताकद पुढे त्याला बाकावर ताठ बसवणार आहे. या वयाच्या मुलाने दिवसभरात एकूण तीन तास तरी हालचाल करावी, त्यातला एक तास दम लागेल अशी, आणि पडद्यासमोर तासाहून जास्त बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या दोन खोल्यांत ते तीन तास भरवताना माझी त्रेधा उडते. तुमच्याकडे पायऱ्या, अंगण आणि विहिरीकडची चढण आहे. फक्त विहिरीपाशी त्याला एकटे सोडू नका.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तेथे वाद नको. चिनू डावखुरा आहे, हे आता जवळजवळ नक्की झाले आहे. जेवण उजव्या हाताने करायची सवय तो हळूहळू लावून घेत आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खडू, कात्री आणि चेंडू ज्या हाताने तो उचलेल, त्याच हाताने त्याला वापरू द्या. आत्याबाईंनाही हे सांगून ठेवा.

बाबांच्या गुडघ्यांना आता कसे आहे, ते कळवा. आशीर्वाद असावेत.

तुमची,
सुजाता