कोकणच्या तारखांनी नागपुरात अळू होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण तोंडावर आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये अळू हमखास येतं. एका पानावर वड्यांची कृती, दुसऱ्यावर 'परसबागेत अळू लावा'. मजकूर बहुतेक वेळा कोकणातला किंवा पुण्याकडचा असतो आणि तिथे तो बरोबरही असतो. पण कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि निचरा होणारी जांभी माती. आपल्याकडे जेमतेम हजार-अकराशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, खाली चिकट काळी माती आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचं ऊन. तिथलं वेळापत्रक इथे लावलं की पानं करपतात, कंद वेडेवाकडे होतात आणि शेवटी दोष अळवाला.

पहिला घोळ नावांचा. पुस्तकातलं अळू आपल्याकडे कुणाचा धोपा, कुणाचा चमकुरा. कंद बाजारात अरबी म्हणून मिळतो, भंडारा-गोंदियाकडे त्यालाच कोचई म्हणतात. ही सगळी नावं एकाच झाडाची, फक्त त्याचे प्रकार वेगळे. एका प्रकारात मधला मोठा गड्डा लहान राहतो आणि त्याला बोटाएवढे, अंड्याएवढे पुष्कळ कंद लागतात. आपली अरबी ती हीच. दुसऱ्यात मधला गड्डाच अर्धा-एक किलोचा होतो आणि बाजूला पिलं थोडी. उत्तरेकडे त्याला बंडा म्हणतात. पानांसाठी लावायचे प्रकार आणखी निराळे. वडीच्या अळवाचा देठ काळपट जांभळा, पान गडद आणि जाड. भाजीच्या अळवाचा देठ फिकट हिरवा, पान मऊ. वडीचं पान भाजीत घातलं तर फारसं बिघडत नाही. भाजीच्या पानाची वडी मात्र उंडा वळतानाच फाटते.

कॉटन मार्केटला किंवा गोकुळपेठेत जुडी घेताना पान हातात धरून पाहावं. खऱ्या अळवात देठ पानाच्या खाचेत जुळत नाही. पाठीमागे, खाचेपासून दोन-चार बोटं आत, छत्रीच्या दांड्यासारखा जुळतो, आणि पुढून त्या जागी फिकट ठिपका दिसतो. खाच थेट देठापर्यंत पोचली असेल तर ते अमेरिकेतून आलेलं दुसरं झाड. त्याचा कंद खातात, पण आपल्या वडीच्या पानाशी त्याचा संबंध नाही. पानाचं टोक आभाळाकडे ताठ असेल तर तो शोभेचा हत्तीकान. तो खाऊ नये. मग पाण्याचा थेंब टाकून पाहावा. अळवावरचं पाणी ही म्हण उगीच पडलेली नाही. पानावर मेणाचे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते, आणि थेंब पान न भिजवता मोत्यासारखा घरंगळतो. चकचकीत शोभेच्या पानावर तो पसरतो. देठाच्या एकाच खुणेवर मात्र विसंबू नये. नर्सरीतल्या लाल-पांढऱ्या ठिपक्यांच्या रंगीत पानांचा देठही छत्रीसारखाच जुळतो, आणि ती विषारी असतात. कुंडीत शोभेसाठी विकलेलं कुठलंच पान कढईत जाऊ नये.

दुसरी खबरदारी नाल्याकाठच्या धोप्याची. नाग नदी आणि पिवळी नदीच्या काठी, घाणपाण्याच्या ओहोळांवर तो फोफावतो, कारण त्याला ओल लागते. फुकट मिळतो म्हणून तोडला जातो, कधी जुडी बांधून विकलाही जातो. सांडपाण्यातले जंतू उकळल्याने मरतात, पण जड धातू उकळून जात नाहीत. शिवाय तिथे बऱ्याचदा रानअळूच असतं आणि ते जास्त खाजतं. घरच्या मोरीच्या पाण्यावरचं अळू ही वेगळी गोष्ट. तिथेही डिटर्जंटचं पाणी सोडू नये. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम.

आता लावणी. नागपूरला पाऊस साधारण जूनच्या मध्यात येतो. पाण्याची सोय नसेल तर मृगाच्या पहिल्या सरीवर घाई न करता आर्द्रात लावावं, म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा. कोंब दिसायला बारा ते पंधरा दिवस लागतात आणि तोडण्याजोगं पान दीड-दोन महिन्यांत तयार होतं, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धापासून. ऋषिपंचमी, महालक्ष्म्या आणि मागोमाग पितृपक्ष, अळवाची खरी मागणी तेव्हाचीच. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून ऋषीच्या भाजीत अळू हवंच असतं. श्रावणातच पान हवं असेल तर पाणी देऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात लावावं आणि वर चार बोटं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरावं. तणस नसेल तर पळसाची वाळली पानं चालतात. फेब्रुवारी-मार्चमधली उन्हाळी लावणी इथे सुचवू नये, असं आमचं मत आहे. दर चार-पाच दिवसांनी पाणी दिलं तरी मे महिन्यात पानाच्या कडा जळतात. आंब्याच्या किंवा पेरूच्या सावलीत दहा-बारा झाडं जगतात. त्यापलीकडे तो पाण्याचा अपव्यय.

एका गुंठ्याचा हिशेब असा. अंतर साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटर ठेवलं तर पावणेचारशे झाडं बसतात. पंचवीस ग्रॅमच्या आसपासचा, डोळा शाबूत असलेला कंद बेणं म्हणून घेतला तर दहा किलो पुरतं. बाजारातली अरबीही चालते, फक्त धुतलेली, सोललेली किंवा बुरशीचा वास येणारी नको. शेणखत सव्वाशे किलो. रासायनिक खत द्यायचं असेल तर युरिया पावणेदोन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट दीड किलो, म्युरेट ऑफ पोटॅश पावणेदोन किलो. सुपर फॉस्फेट सगळं लावणीला, बाकीचं अर्धं तेव्हा आणि अर्धं दीड महिन्यानी माती चढवताना. पोटॅश कंदासाठी आहे. फक्त पानं हवी असतील तर ते निम्म्यावर आणलं तरी चालतं. नत्राचा, म्हणजे युरियाचा, हात मात्र सैल सोडू नये. पान मोठं दिसतं, पण पातळ आणि रोगाला सोपं होतं.

काळ्या मातीत सपाट वाफ्यात लावणं ही सगळ्यात मोठी चूक. सरी-वरंबा हवाच, वरंबा निदान वीतभर उंच. कंद वरंब्याच्या माथ्यावर दोन-तीन बोटं खोल ठेवावा, डोळा वर. अळवाला ओल आवडते म्हणून कुणी वाफ्यात पाणी तुंबवून ठेवतं. हवाईत अळू भातासारखं पाण्यात उभं असतं हे खरं, पण तिथे पाणी वाहतं आणि थंड राहतं. आपल्या चिकट मातीत साचलेलं पाणी मुळांचा श्वास कोंडतं आणि कंद खालून मऊ पडतो. उलट टोकही तितकंच वाईट. सप्टेंबरअखेर पावसाने ताण दिला, माती भेगाळली आणि मग एकदम पाणी सोडलं की कंद मधूनच चिरतो किंवा डमरूसारखा आवळलेला निघतो. त्या दिवसांत आठवड्याला एक पाणी चुकवू नये. वरंब्यात एक घमेलं पोयटा किंवा कुजलेला काडीकचरा मिसळला तर खोदतानाही हाल होत नाहीत. काळ्या वावरात डिसेंबरात अरबी खणणं म्हणजे कुदळीची परीक्षा.

माती दोनदा चढवावी, दीड महिन्यानी आणि अडीच महिन्यानी. कंदाच्या पिकात बाजूला फुटलेले कोंब काढून टाकावेत, पानांच्या पिकात राहू द्यावेत. एकाच झाडाकडून पान आणि कंद दोन्हीची अपेक्षा ठेवू नये. पानासाठीच्या झाडाचीसुद्धा आठवड्याला बाहेरची एक-दोनच पानं तोडावीत, मागे तीन-चार उभी राहिलीच पाहिजेत. महालक्ष्म्यांना झाड ओरबाडलं तर त्याखाली कंद सुपारीएवढाच राहतो.

आठवडाभर झड लागली की करपा येतो, आणि त्याबद्दल मात्र कुठल्याच पुरवणीत वाचायला मिळत नाही. कारण फायटोफ्थोरा जातीचा रोगजंतू. सामोआ बेटांवर १९९३ मध्ये याच रोगाने अळवाचं पीक जवळजवळ झोपवलं होतं, इतका तो वेगवान. वीस ते अठ्ठावीस अंश तापमान, रात्रभर ओलं पान आणि दाट लावणी एवढं त्याला पुरतं. पाणी साचतं तिथे, म्हणजे टोकाला आणि कडेला, आधी भिजल्यासारखा काळपट ठिपका येतो. तो वर्तुळावर वर्तुळ करत वाढतो आणि पानाच्या पाठीवर डिंकासारखे तांबूस थेंब सुटतात. सकाळी सातच्या आत पाहिलं तर डागाच्या कडेला पांढरी लव दिसते. उन्हं वर आली की ती दिसत नाही, म्हणून दुपारी चक्कर मारणाऱ्याला रोग दोन दिवस उशिरा कळतो. डागाळलेलं पान देठासकट काढून पुरावं, खताच्या ढिगावर टाकू नये.

फवारणीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं तयार मिश्रण लिटरला दोन ग्रॅम हा नेहमीचा उपाय, पण तो कंदाच्या ओळींवर. ज्या ओळींचं पान चार दिवसांनी वडीला जाणार, तिथे फवारू नये. तिथे उपाय म्हणजे अंतर वाढवणं, वारा खेळू देणं आणि पानं काढत राहणं. म्हणूनच पानाच्या आणि कंदाच्या ओळी लावणीच्या वेळीच वेगळ्या कराव्यात. फवारताना लिटरला अर्धा-एक मिलिलिटर स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) घातला नाही तर औषध अळवावरच्या पाण्यासारखंच घरंगळून मातीत जातं. पुष्कळांचा 'औषध लागू पडत नाही' हा अनुभव इथेच सुरू होतो.

वाणांपैकी केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेच्या भुवनेश्वरच्या प्रादेशिक केंद्राने काढलेलं मुक्ताकेशी करप्याला बऱ्यापैकी तोंड देतं. तिरुवनंतपुरमच्या याच संस्थेची श्री रश्मी आणि श्री पल्लवी १९८७ पासूनची, पण ती साडेसहा-आठ महिने घेतात आणि आपला पाऊस चारच महिने असतो, तेव्हा पुढच्या पाण्याची खात्री असेल तरच. आमचा कल रायपूरच्या कृषी विद्यापीठाच्या इंदिरा अरबी-१ कडे. रायपूरचं हवामान आपल्याला कोकणातल्या दापोलीपेक्षा जवळचं.

आता खाज. पानात, देठात, कंदात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या अळवातून त्या जिभेत-घशात टोचतात. चिंच, चुका, दही यांनी खाज कमी होते हा पिढ्यांचा अनुभव आहे, पण आंबट घालून कमी शिजवलेलं अळू खाजतंच. शिजणं पहिलं, चिंच नंतर. चिरताना हात कोरडे ठेवून तेल लावावं, ओल्या हातांना खाज जास्त सुटते.

वडीचंच घ्या. दहा मध्यम पानांना दोन वाट्या बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, लिंबाएवढी चिंच, तेवढाच गूळ, दीड चमचा तिखट, तीळ, मीठ. पीठ हाताला चिकटून राहील इतकं घट्ट. सैल झालं तर वाफेत वाहून जातं आणि पानं सुटी पडतात. पानाची पाठ वर घेऊन जाड शिरा सुरीने तासाव्यात, पीठ लावून पानावर पान उलटसुलट ठेवावं. चार-पाचच्या वर थर नको. उंडा मनगटापेक्षा जाड झाला की बाहेरचं शिजतं, मधलं हिरवं राहतं, आणि घसा धरतो तो तिथलाच घास. गंजात (उभ्या पातेल्यात) पाणी उकळल्यावरच चाळणी ठेवावी, वीस-पंचवीस मिनिटं वाफवावं, सुरी आत घालून कोरडी निघते का पाहावं. गार झाल्यावरच कापावं. गरम कापलेली वडी तेलात उलगडते.

देठ फेकू नयेत. साल ओढून काढून, उकडून, पाणी टाकून दह्यात कालवलं आणि वर हिंग-मिरचीची फोडणी दिली की देठी होते. यातलं दही नुसतं चवीचं नाही. त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तरीही डॉक्टरांना विचारूनच अळू खावं. अरबी सालीसकट उकडून पाणी टाकावं, नंतर सोलावी. चिकटपणा नको असेल तर परतताना झाकण ठेवू नये आणि ओवा विसरू नये.

आपल्या बागकामाच्या सदरात विदर्भासाठी अळवाच्या वेगळ्या तारखा छापाव्यात, ही विनंती. सदर जूनमध्ये छापून उपयोग नाही, कारण बेणं डिसेंबरात ठरतं. पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडावं, दोन-तीन आठवड्यांनी खणावं, कंद सावलीत चार दिवस सुकवून कोरड्या वाळूत थर देऊन ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ते घाम येऊन सडतात. एवढं करूनही एप्रिल-मेच्या उन्हात काही सुरकुततातच. म्हणून नळाजवळची सात-आठ झाडं खणूच नयेत, वर तणस टाकून जागच्या जागी राहू द्यावीत. पुढच्या आर्द्रात पहिले कोंब तिथूनच येतात.

आपले,
परसबागेत आणि वावरात अळू लावणारे काही वाचक,
नागपूर