सुगामोहून शैलूला

सुगामो, तोक्यो
२४ सप्टेंबर

प्रिय शैलू,

तुझं पत्र मिळालं. अण्णांनी काठी माळ्यावर फेकून दिली हे वाचून वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. "काठी धरली की लोक म्हातारा म्हणतात" हे त्यांचं वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाहीये. म्हाताऱ्या माणसांसाठी वस्तू कशा घडवतात ते बघणं हेच तर इथे माझं काम. म्हणून आज निवांत लिहायला बसले.

मी राहते त्या सुगामोला लोक 'आजीबाईंचं हाराजुकू' म्हणतात. हाराजुकू हा तरण्या पोरापोरींचा नटण्यामुरडण्याचा भाग, आणि इथली जिझो-दोरी ही सुमारे ८०० मीटरची बाजारपेठ त्यांच्या आज्यांची. दर महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला जत्रा भरते. आज सकाळी दहालाच रस्ता फुलला होता. पाट्या ठळक अक्षरांत, किंमत वाचायला कुणाला चष्मा पुसावा लागत नाही. खारट-गोड दाइफुकूचा वास (कुटलेल्या चिकट तांदळाचा मऊ गोळा, आत अझुकी या बारीक लाल कडधान्याचं गोड पुरण) आणि पुढे एक दुकान नुसत्या लाल कपड्यांचं, अगदी आतल्या कपड्यांपर्यंत सगळं लालभडक!

या लाल रंगाचं गुपित कळलं तेव्हा मला आपली पंचांगं आठवली. यांच्या जुन्या कालगणनेचं चक्र ६० वर्षांचं, आपली प्रभव-विभव संवत्सरंही ६०च. साठ भरली की चक्र पुन्हा पहिल्या घरात येतं, म्हणजे माणूस नव्याने जन्मला. म्हणून त्याला तान्ह्या बाळासारखी लाल बंडी घालतात. या सोहळ्याला कानरेकी म्हणतात. ८८व्या वर्षाला तर तांदळाचं वर्ष म्हणतात, कारण तांदूळ हे अक्षर सुटं केलं की त्यातून ८८ निघतात. अण्णांच्या साठीशांतीला आपण दोघींनी पंगतीत जिलबी वाढली होती, आठवतं? पण त्याच तोंडाने आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणतो ना गं. अण्णांनी ते आयुष्यभर ऐकलंय. काठी त्यांना का नको ते मला कळतं.

तू म्हणशील, शब्दांनी काय होतं. इथे स्मृतिभ्रंशाला पूर्वी 'चिहो' म्हणत. ती दोन्ही अक्षरं वेडगळपणाची, मूर्खपणाची. २००४ साली सरकारने तो शब्द बदलून 'निन्चिशो' केला, म्हणजे जाणिवेचा आजार. आजारी माणसाला मूर्ख म्हणायचं नाही, एवढंच. शेजारच्या काकूंनी "अण्णांना म्हातारचळ लागलाय" म्हटलं आणि तू रात्रभर रडलीस. तो शब्द निदान आपल्या दोघींच्या बोलण्यातून तरी कायमचा जाऊ दे.

आता वस्तूंचं सांगते. परवा डोळ्यांत फेस गेला, हात चाचपडला आणि बोटाला बाटलीच्या कडेचे बारीक खाचे लागले. शाम्पूला खाचे असतात, केसांच्या कंडिशनरला नसतात. १९९१मध्ये काओ कंपनीने हे सुरू केलं, अंध माणसांना दोन बाटल्यांतला फरक कळावा म्हणून. आणि त्यांनी त्यावरचा हक्क स्वतःपुरता ठेवला नाही, म्हणून आज कुठल्याही कंपनीच्या बाटलीवर ते सापडतात. डोळे मिटलेले असले की आपण सगळेच आंधळे, नाही का! वॉर्ड ऑफिसात फॉर्म भरायच्या टेबलावर तीन चष्मे ठेवलेले असतात, कमी, मध्यम आणि जास्त नंबरचे. टेबलाच्या कडेला काठी अडकवायला खोबण. कुणी काही विचारत नाही. अण्णांना त्या बँकेत सही जुळत नाही म्हणून चारचौघांत पाच वेळा सही करायला लावली होती, ते मला त्या टेबलाशी उभं असताना आठवलं आणि घसा दाटून आला.

इथे सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी चाललेला दिसतो: म्हाताऱ्या माणसाला तोंड उघडून मागावं लागू नये.

इथल्या आज्या काठीऐवजी एक ढकलगाडी घेऊन फिरतात, तिला 'सिल्व्हर कार' म्हणतात. हे नाव कुठून आलं ऐक. १९७३च्या सप्टेंबरात चूओ लाइनच्या लोकलमध्ये वृद्धांसाठी राखीव सीटा ठेवल्या. वेगळ्या दिसाव्यात म्हणून शिनकानसेनच्या, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनच्या, सीटांचं उरलेलं रुपेरी कापड लावलं. त्यांना 'सिल्व्हर सीट' नाव पडलं आणि म्हातारपणाला 'सिल्व्हर' चिकटलं ते कायमचं. तर ही गाडी मी जवळून पाहिली. हँडलला ब्रेक, पोटात कांद्याची पात आणि तोफू, वर फुलाफुलांचं झाकण. दमली की आजी ब्रेक लावते आणि त्या झाकणावर बसते. बघणाऱ्याला ती बाजार करून आलेली बाई दिसते, आधाराला टेकलेली म्हातारी दिसत नाही.

पण सगळंच गोड नाही. मागावं लागत नाही म्हणजे बोलावंही लागत नाही. कित्येक माणसं इथे एकटी राहतात. एकट्याने, कुणाला न कळता आलेल्या मरणाला इथे शब्दच आहे, कोदोकुशी. माझ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात मला थांबवून रोज हवेबद्दल बोलतात. पहिले काही महिने मी घाईत निघून जायचे. आता थांबते.

आज कोगान-जी देवळात रांगेत उभी होते. तिथे कान्नोनची, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या देवतेची, लहानशी दगडी मूर्ती आहे. आपलं जे दुखतं, तोच मूर्तीचा भाग ओल्या फडक्याने पुसायचा. पूर्वी काथ्याच्या ब्रशने घासत. जुनी मूर्ती झिजून गेली, म्हणून १९९२मध्ये नवी बसवली आणि ब्रशऐवजी फडकं आलं. माझ्या पुढच्या आजींनी गुडघा पुसला, पुसतच राहिल्या. मागच्या अनोळखी बाईंनी विचारलं, "गुडघा का?" "हो, डावा." "माझा उजवा." मग दोघी रांगेबाहेर जाऊन बोलत उभ्या राहिल्या. मी माझा नंबर येईपर्यंत त्यांच्याकडेच बघत होते.

तर आता अण्णांचं. काठी माळ्यावरच राहू दे. आपल्या आजोबांची ती लांब काळी छत्री आठवते? भरउन्हातही हातात असायची, आणि कुणी त्यांना काठीवाले म्हटलं नाही. तशीच एक दणकट, वजन पेलेल अशी बघ, टोकाला रबराचं बूच बसव आणि "पाऊस येईल हो" म्हणून हातात दे. शिवाय रोज संध्याकाळी एकदा, काम नसताना, त्यांना विचार, "आज कुठे दुखतंय?"

आणि मोरीच्या उंबऱ्याची उंची मला कळव. बोटांनी नको, टेपने मोज, दोन्ही बाजूंनी.

तुझी,
वसू