ऑपरेशनच्या आधी जीन्सच्या बटनाचं सांग

प्रिय सुन्या,

परवा फोनवर मी नुसतं "होय होय, करून घे, काय होत न्हाई" म्हणत होतो, कारण तुझा स्पीकर चालू होता आणि वहिनी ऐकालत्या. आता सगळं लिहितो, निवांत वाच, वहिनींना किती सांगायचं ते तू बघ.

तुझ्या ओंकारच्या छातीतल्या खड्ड्याचं ऑपरेशन करू नको असं माझं म्हणणं नाही. आमच्या प्रथमेशला पण तसाच खड्डा, त्याचा हॅलर इंडेक्स, म्हणजे छाती किती आत गेलीय त्याचं स्कॅनवरचं माप, ४.१ आला होता, ३.२५ च्या वर गेला की ऑपरेशनचा विचार करतात, म्हणजे आम्ही पण काय हौसेनं गेलो नव्हतो. जिना चढला की धाप लागायची आणि खानापूरला मामाच्या विहिरीवर पोरं म्हणायची ह्याच्या छातीत आमटी ओता रे, तेव्हापासून हा टी-शर्ट घालूनच पोहायचा.

त्याचं नस (Nuss) नावाच्या सर्जनच्या पद्धतीनं केलं. दोन्ही कुशीला थोडं थोडं कापून छातीच्या हाडाखालून वाकवलेली स्टीलची पट्टी घालतात आणि आत गेल्यावर ती उलटी फिरवली की खड्डा वर येतो. दुसऱ्या दिवशी एक्सरेत फुफ्फुसाबाहेर हवा दिसली, माझी पाचावर धारण बसली, पण ती आपोआप जिरली, बऱ्याच जणांना तसं होतंय म्हणे. दुखणं मात्र लई, शिंक आली तरी उशी पोटाशी धरून रडायचा.

खरा घोळ पाचव्या आठवड्यात. उजव्या कुशीची जखम लाल, त्यातनं पाणी, अंगावर पुरळ, बारीक ताप. इन्फेक्शन म्हणून एक अँटिबायोटिक, मग दुसरं, मग सलाईनमधनं तिसरं, आणि ते पाणी तपासलं तर जंतू काही उगवेनात. दोनदा रात्रीच्या बसनं घेऊन गेलो, पट्टी काढावी लागतेय की काय म्हणून बायकोनं देव पाण्यात घातलेले. आणि एक दिवस आई त्याची पँट बदलताना म्हणाली, "हितं पण तसंच हाय की, जीन्सच्या बटनाचं." बेंबीखाली रुपयाएवढा खरबरीत काळा चट्टा. सुन्या, तो त्याला चौथीपासून होता रे! आम्ही खोबरेल लावायचो आणि विसरायचो. स्वस्तातल्या घड्याळानं मनगटावर पण उठायचं.

हे सांगितल्यावर डॉक्टर दोन मिनिटं गप्प. मग पॅच टेस्ट, पाठीवर चिकटपट्ट्या, दोन दिवस आंघोळ बंद, आणि निकेल धातूच्या चौकोनाखाली लालभडक, म्हणजे त्याचीच ॲलर्जी. स्टीलच्या त्या पट्टीत निकेल असतंय. थोड्या थोड्या स्टिरॉइडवर शांत झालं, पट्टी वाचली, पण सगळ्यांची वाचत नाही. आधी कळलं असतं तर टायटॅनियमची घातली असती, ती स्कॅनच्या मापानं आधीच वाकवून मागवावी लागते, ऐनवेळी हातात येत नाही. राग येतो तो फॉर्मचा. त्यात "औषधांची ॲलर्जी" एवढाच रकाना, आम्ही झोकात "नाही" लिहून सही ठोकली.

आणि धाकट्याचं पण आत्ताच उरकून टाकू म्हणालास ते डोक्यातनं काढ. चार वर्षाचं पोर ते. अशा लहान वयात जुन्या उघड्या ऑपरेशननं फासळ्यांच्या कूर्चा (मऊ हाडं) जास्त काढल्या तर छातीचा पिंजराच वाढत नाही, हे ज्याच्या नावाचा तो इंडेक्स आहे त्याच हॅलर सर्जननं १९९६ ला लिहिलंय. नुसता दरवर्षी दाखवत जा.

ओंकारचं झाल्यावर पहिले काही आठवडे वाकणं, वळणं, दप्तर सगळं बंद, आणि एकाएकी कळ येऊन खड्डा परत दिसाला तर सकाळची वाट बघू नको, पट्टी सरकलेली असू शकते, एक्सरे काढ. पट्टी साधारण तीन वर्षं आत राहते, तोवर त्याच्या खिशात चिठ्ठी पाहिजे, कारण हृदय बंद पडायची वेळ आलीच तर छाती जास्त जोरानं दाबावी लागते आणि शॉकचे पॅड पुढंमागं लावायचे. आमच्या प्रथमेशनं ती आधार कार्डाबरोबर लॅमिनेट करून घेतलीय, शहाणा.

आज रात्री ओंकार झोपल्यावर त्याची बेंबी बघ, बेल्टच्या बकलाखाली पण बघ. काय दिसलं तर फोटो टाक, किती पण वाजले असू देत.

तुझाच,
दिग्या