काळा पट्टा म्हणजे सुरुवात

संपादक साहेब,

कराटे म्हटलं की लोकांना विटा फोडणं नाहीतर काळा पट्टा एवढंच आठवतं, म्हणून हे पत्र. ही विद्या वाढली जपानच्या ओकिनावा बेटावर, तिथले कराटे शिक्षक गिचिन फुनाकोशींनी १९२२ साली टोकियोत दाखवली, आणि पट्टे तर नंतर ज्यूदोवरून घेतलेत! पहिल्या काळ्या पट्ट्याला शोदान म्हणतात, म्हणजे पहिली पायरी, पण पोरं तो मिळाला की क्लासच सोडतात.

खरी गंमत साध्या ठोशात आहे. मागची टाच जमिनीला दाबायची, कंबर वळवायची, मूठ अगदी शेवटी फिरवून आवळायची आणि त्याच क्षणी दुसरा हात कमरेशी खेचायचा, या खेचण्याला हिकिते म्हणतात. मी वर्षभर नुसता खांद्यानेच मारत होतो, सर मागून येऊन खांद्यावर दोन बोटं ठेवायचे, बोलायचे काहीच नाहीत. माकिवारावर, म्हणजे पेंढ्याची दोरी गुंडाळलेल्या उभ्या फळीवर, मूठ वाकडी बसली की मनगटातून अशी कळ जाते की विचारू नका.

आणि फुनाकोशी म्हणायचे कराटेत पहिला वार आपला नसतो, त्यांच्या शोतोकान शैलीतल्या हेआन नावाच्या पाचही काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, बचावानेच सुरू होतात. हे परीक्षेत कुणी विचारतं का?

एक वाचक