माळ्यावरची मापं

प्रिय बंड्या,

तुझे तीन मेसेज आले, उत्तर एकालाही दिलं नाही. शिव्या घाल आणि पुढे वाच. गुडघा आहे तसाच.

पण कालचा फोटो बघून गप्प बसवेना. माळ्यावरची धान्याची जुनी मापं काढलीस ती काढलीस, लगेच चिंच-मीठ लावून लखलखीत कशाला केलीस? पितळ चिंचेत फार वेळ राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं, भांडं तांबूस पडतं. आणि ठोकून घातलेली अक्षरं प्रत्येक घासणीत झिजतात. नाव, शके, कुणाच्या लग्नात दिलं, सगळं त्या अक्षरांतच असतं रे!

उरलेल्यांना हात लावू नकोस. आधी आहेत तिथेच, शेजारी पट्टी ठेवून फोटो. नंबर चिठ्ठीवर लिहून सुती दोऱ्याने बांध. स्टिकरचा डिंक डाग पाडतो. कोळवं, म्हणजे ते छोटं माप, पिठाच्या डब्यात होतं की बियाण्याच्या कणगीत, तेही लिही. तेवढं सुटलं की ते नुसतं शोकेसचं भांडं.

मग मोज. दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी मापटं, दोन मापटी शेर, चार शेर पायली. हे कोष्टक सापडेल कुठेही, पण शेर मुलखागणिक वेगळा. १९५८पासून दशमान वजनमापं येऊ लागली. त्याआधी तुमच्या घरात शेर केवढा धरत, ते तुमचं मापच सांगेल. पाणी ओतू नकोस, लोखंडी गंजेल, लाकडी फुगेल. कोरडी मोहरी भर. आपटू नकोस, दाणे बसतात आणि जास्त मावते. पट्टीने काठाशी सपाट करून मिलीलिटरच्या भांड्यात मोज, तिथेही न आपटता. तीनदा कर, सरासरी घे. तळाला आत पोचा असेल तर नोंदव, तेवढं माप कमी भरतं. शीग लावून, म्हणजे काठावर रास करूनही एकदा मोज. घेताना शीग आणि देताना सपाट असा हिशेब निघाला, तर आजोबांचा वाडा कसा उभा राहिला तेही कळेल!

पुण्याच्या केळकर संग्रहालयात "इतके अडकित्ते कशाला?" म्हणून तू भेळ खायला पळालास, ते विसरलेलो नाही. एकटा अडकित्ता म्हणजे लोखंडाचा तुकडा. ओळीने मांडले की कुणाचा रोजच्या सुपारीचा, कुणाचा बैठकीत मिरवायचा, ते दिसतं. म्हणून पानाचा डबा, चुन्याची डबी, पिकदाणी यांची ताटातूट करू नकोस. डबीतला वाळका चुना खरवडू नकोस.

चिनूची ॲडमिशन झाली का? बदलीचं काय? वहिनींना नमस्कार, घासायची हौस तुझीच, हे मला ठाऊक आहे.

भंगारवाला रविवारी येणार म्हणालास. त्याला पुढच्या रविवारवर टाक, आणि परसातला पाटा तर दाखवूसुद्धा नकोस. त्यावर टाकीचे घाव अजून दिसतायत.

तुझा,
नाना