चिलखती गाडी फुकट, डिझेल कोण घालणार?

मा. संपादक,

पोलीस आधुनिकीकरण म्हटलं की आमच्या नाक्यावर सगळ्यांना काळ्या कपड्यातले कमांडो आणि चिलखती गाडीच आठवते. मला मात्र बायकोचं गुलाबी हेल्मेट आठवतं.

झालं असं की आमच्या कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, पाण्याचा पंप चोरीला गेला. आउटपोस्टवर गेलो तर हवालदार म्हणतात, "जीप बंदोबस्ताक गेल्या, केन्ना येतली सांगूंक येना." आता पंचनामा तर व्हायला हवा, म्हणून मीच त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं, आणि पोलिसालाच विनाहेल्मेट कसं न्यायचं म्हणून ते गुलाबी हेल्मेट त्यांच्या डोक्यावर चढवलं. पोफळीला टेकून बिचाऱ्यांनी पंचनामा लिहिला, कार्बन पेपर नव्हता तर म्हणाले मोबाईलवर फोटो काढून घ्या. माणूस चांगला होता, राग त्यांच्यावर नाहीच.

भाचा अमेरिकेत असतो, त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसत सुटला आणि तिकडचं सांगायला लागला. न्यू हॅम्पशायरमध्ये कीन नावाचं शहर आहे, वस्ती २३ हजार, म्हणजे आपल्या डिचोलीपेक्षा जरासं मोठं. तिथल्या पोलिसांना २०१२ च्या सुमारास सुमारे २ लाख ८५ हजार डॉलरची बेअरकॅट ही चिलखती गाडी सरकारी ग्रँटमधून मिळाली आणि अर्जात कारणांमध्ये गावची भोपळ्यांची जत्रासुद्धा होती! शिवाय तिकडे १०३३ नावाची योजना आहे, सैन्याचं वापरलेलं सामान पोलिसांना फुकट, पण ते आणायचा खर्च, दुरुस्ती, ट्रेनिंग सगळं गावाने भरायचं. आणि एकदा दारात गाडी उभी राहिली की ती वापरली जातेच. एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने २०१४ मध्ये स्वॅट म्हणजे पोलिसांच्या खास शस्त्रधारी पथकांच्या ८०० हून जास्त कारवाया तपासल्या, त्यातल्या ७९ टक्के नुसत्या झडतीच्या वॉरंटसाठी होत्या.

आपल्याकडे केंद्राने पोलीस आधुनिकीकरणासाठी २०२१-२२ ते २०२५-२६ या काळाला २६,२७५ कोटी मंजूर केले, त्यातले १८,८३९ कोटी जम्मू-काश्मीर, ईशान्य आणि नक्षली भागाच्या सुरक्षेसाठी. तिथे लागत असतील, त्यावर मी बोलणार नाही. पण गोव्याचं दुखणं वेगळं आहे, इथे रस्त्यावरचे अपघात, ड्रग्स, चोऱ्या आणि जत्रांची गर्दी. आमच्याच तालुक्यात शिरगावला मे २०२५ मध्ये लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. तिथे दोरखंड, शिट्ट्या आणि गर्दी कुठे तुंबतेय ते वेळेत ओळखून वायरलेसवर सांगणारी माणसं कामाची, एके-४७ घेऊन उभं राहिलेला काय करणार?

कोणी म्हणेल २६/११ विसरलात काय, आपल्याला किनारा आहे. नाही विसरलो, एक तयारीची तुकडी असूदेच. पण तिचा थाट बघून बाकी पोलिसांचं पोट भरलं असं समजू नका.

तेव्हा गृहखात्याने पुढच्या अधिवेशनात एवढं सांगावं, कुठल्या आउटपोस्टला जीप आहे, तिला ड्रायव्हर आहे का, आणि महिन्याला डिझेल किती लिटर मिळतं. तोवर ते हेल्मेट मी स्कूटरच्या डिकीतच ठेवलंय, बायकोने दुसरं घेतलं.

— एक कुळागरवाला, डिचोली